सम्राट वज्रशून्य, मुक्काम सांगली

चार वर्षं मुके असलेले जिनदत्त आवटी एका सकाळी बोलले, आणि असे बोलले की स्वयंपाकघरात भडंग कालवणाऱ्या रत्नमालाबाईंच्या हातातली परात खाली पडली.

"रत्ना! इथे ये!"

आवाज खोल होता, भारदस्त होता, आणि त्यात विनंतीचा लवलेश नव्हता. रत्नमालाबाईंनी तो लगेच ओळखला. फक्त तो त्यांच्या नवऱ्याचा नव्हता. तो सम्राट वज्रशून्याचा होता.

ज्यांची लहानपणं रेडिओसमोर गेली त्यांना वज्रशून्य कोण हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगायचं तर, चाळीसेक वर्षांपूर्वी 'शनीची सावली' नावाची श्रुतिका दर रविवारी लागायची. शनीच्या कड्यांमधून पृथ्वीवर चालून आलेला हा सम्राट तिचा खलनायक. "ऐक, पृथ्वी!" एवढं तो म्हणाला की घरोघरची पोरं जेवता जेवता गप्प व्हायची. आया तर त्याच्या नावावर पोरांना दुधी भोपळासुद्धा खाऊ घालायच्या. आणि हा आवाज होता कुणाचा, तर हळदीच्या पेढीवर कारकुनी करणाऱ्या, घरात झुरळ निघालं तर ते कागदावर घेऊन अंगणात सोडणाऱ्या जिनदत्त आवटींचा. माणूस म्हणजे गरीब गाय. माइकसमोर उभा राहिला की मात्र अंगात यायचं.

श्रुतिका अर्ध्यात बंद पडली. शेवटचा भाग लिहून तयार होता, तालीमही झाली होती, पण ध्वनिमुद्रण काही झालं नाही. सम्राट पृथ्वीच्या उंबरठ्यावर उभा राहिला तो उभाच राहिला. जिनदत्तांना ही गोष्ट आयुष्यभर सलत होती. नट लोकांचं असंच असतं. पेन्शन अडकली तर सोसतील, पण शेवटचा प्रवेश अडकलेला सोसत नाही.

पुढे घशाचा कर्करोग झाला. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं आणि माणूस वाचवला. तेव्हापासून जिनदत्तांच्या वाट्याचं बोलायचं काम रत्नमालाबाईंकडे आलं. ते हातवारे करायचे, भुवया उडवायचे, आणि बाई त्याचं भाषांतर करायच्या. भाजीवाल्याशी, बँकेत, बेंगळुरूच्या मुलाशी, बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, भेटणाऱ्या मंडळींशी. "ह्यांना काय म्हणायचंय, की..." असं म्हणून त्या सुरू व्हायच्या, आणि पुढे येणारं निम्मं तरी त्यांच्या स्वतःच्या मनातलं असायचं. खरं सांगायचं तर बाईंना ते आवडायला लागलं होतं. छत्तीस वर्षं ज्या घरात त्या हळू बोलल्या, तिथे आता दोन माणसांचं बोलणं त्यांच्या एकट्याच्या तोंडी होतं. मान हलवून जिनदत्त नाही म्हणू शकले असते. पण ते कधी म्हणाले नाहीत.

आणि मग पुण्याहून शर्वरी ढवळे आली.

शर्वरी 'ऐकीव' नावाच्या कंपनीत श्राव्य नाटकं बसवायची. वय तिशीचं, बोलणं मेल गाडीचं. तिच्या वडिलांनी लहानपणी 'शनीची सावली' घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतली होती. त्या कॅसेटींचा खोका घेऊनच ती सांगलीत दाखल झाली.

"काका, वज्रशून्य परत आणायचा. राहिलेला शेवटचा भाग करायचा. आणि काम तुम्हीच करायचं," ती म्हणाली.

जिनदत्तांनी गळ्याकडे बोट दाखवलं.

"ह्यांना म्हणायचंय, थट्टा करता का म्हाताऱ्याची?" रत्नमालाबाई म्हणाल्या. जिनदत्तांना तसं मुळीच म्हणायचं नव्हतं. त्यांचे डोळे एव्हाना चमकायला लागले होते.

शर्वरीने यंत्र समजावून सांगितलं. माणूस बोलतो तेव्हा घसा नुसता सूर पुरवतो. त्या सुराचे शब्द घडवतात जीभ, ओठ आणि जबडा. जिनदत्तांचा सूर गेला होता, कारागीर मात्र शाबूत होते. हनुवटीखाली एक पातळ पट्टी चिकटवायची. आवाज न काढता नुसती जीभ हलवली, तरी स्नायूंमधून विजेचे बारीक संदेश धावतात. पट्टी ते टिपते, यंत्र त्यांवरून शब्द ओळखतं, आणि गळ्यात अडकवलेली छोटीशी पेटी ते शब्द जिनदत्तांच्या जुन्या आवाजात बोलते.

"जुना आवाज कुठून आणणार?" बाईंनी विचारलं.

"ह्या कॅसेटींमधून."

"पण त्यात तर नुसता तो मेला वज्रशून्यच आहे की!"

"दुसरं काहीच मिळालं नाही, काकू. काकांनी नाटकांत सज्जन माणसं पुष्कळ केली. पण ती कुणी जपून ठेवली नाहीत."

भल्या माणसाचा आवाज कोण टेप करून ठेवतो? जिनदत्तांनी लग्नात, बारशाला, आजारपणात जे काही प्रेमाने म्हटलं होतं ते हवेत विरून गेलं होतं. उरला होता तो फक्त सम्राट.

तीन महिने सराव झाला. जिनदत्त आरशासमोर बसून जीभ हलवत, यंत्र चुकत, ते पुन्हा हलवत. आणि एके दिवशी ते परातीचं प्रकरण घडलं.

पहिले आठ दिवस घरात जत्रा होती. शेजारपाजारचे लोक नुसता आवाज ऐकायला येत. दारात आलेल्या भाजीवाल्याला जिनदत्त म्हणाले, "कोथिंबीर ठेव आणि निघ!" त्याने मुकाट्याने दोन जुड्या ठेवल्या आणि पैसे न घेता तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला. बाई हसत त्याच्यामागे धावल्या. महापालिकेत पाण्याच्या तक्रारीसाठी फोन केला, तर दुपारच्या आत माणूस हजर. बाईंनी चार महिने केलेली विनवणी एका वाक्यात फिकी पडली. त्यांना हसू आलं आणि थोडं झोंबलंही.

पण हसू फार दिवस टिकलं नाही.

स्नायूंचे संदेश पुसट असतात. जिथे शब्द नीट कळत नाही, तिथे यंत्र अंदाज बांधतं की हा माणूस अशा वेळी सहसा काय म्हणतो. आणि यंत्राला ठाऊक असलेला माणूस एकच होता. त्याने आयुष्यात कुणाला प्रश्न विचारला नव्हता, काही मागितलं नव्हतं, कुणाचे आभार मानले नव्हते. मग 'पाणी देतेस का' याचं 'पाणी!' व्हायचं, आणि 'बरं वाटत नाही का तुला' याचं 'दुबळेपणा टाक!' व्हायचं. चुकलं तर उपाय होता. पेटीवर बोटाने दोनदा टकटक केलं की यंत्र ते वाक्य खोडायचं आणि दुसरा अंदाज द्यायचं. खोडलेलं त्याच्या लक्षात राहायचं, न खोडलेलंही राहायचं. जे खोडलं नाही ते या माणसाला मान्य आहे, असं ते धरून चालायचं. सुरुवातीला जिनदत्त सारखे टकटक करायचे. जेवताना तर सुतारपक्षी घरात शिरल्यासारखं वाटायचं.

मग टकटक कमी झाली. मग थांबली.

बाईंना हे कळलं ते मुलाचा फोन आला त्या संध्याकाळी. सन्मती बेंगळुरूला असतो. नोकरीच्या धबडग्यात दोन वर्षं घरी आला नव्हता.

"आप्पा, बोला ना काहीतरी!" तो पडद्यावरून उत्साहाने म्हणाला.

जिनदत्तांचे ओठ हलले. बाईंना ते ओठ चार वर्षांच्या सवयीने वाचता यायचे. 'जमलं तर दसऱ्याला ये रे' असं ते म्हणत होते.

"दसऱ्याला हजर हो!" पेटी गरजली.

सन्मती आधी हसला. मग त्याने वाट पाहिली. बाईंनीही पाहिली. जिनदत्तांचा हात पेटीकडे गेला, क्षणभर थबकला आणि खाली आला.

"बघतो," सन्मती म्हणाला आणि फोन ठेवला.

बाईंनी तडक मागच्या खोलीत जाऊन त्याला परत फोन लावला. "अरे, त्यांना तसं म्हणायचं नव्हतं. मी बघितलं ना त्यांचे ओठ..."

"आई, त्यांना काय म्हणायचंय हे चार वर्षं तूच सांगतेयस," तो म्हणाला. "आता निदान त्यांना तरी सांगू दे. आणि त्यांनी सांगितलं ते मी ऐकलं."

बाई बाहेर आल्या तेव्हा जिनदत्त संहिता वाचत बसले होते. "का नाही खोडलंत?" त्यांनी विचारलं. जिनदत्तांनी नुसतं वर पाहिलं आणि पान उलटलं.

शर्वरीला फोन केला तेव्हा उलगडा झाला.

"मीच सांगितलंय काकांना, काकू," शर्वरी म्हणाली. "घरी जितकं खोडतील तितका आवाज मऊ पडतो. मागच्या आठवड्यात तालमीला पुण्याला आले तेव्हा स्टुडिओत 'ऐक, पृथ्वी' म्हटलं तर असं वाटलं, की काका पृथ्वीला चहाला बोलावतायत. शेवटचं ध्वनिमुद्रण होईपर्यंत खोडू नका म्हटलं."

"मग घरच्यासाठी वेगळा आवाज करून द्या की. दोन पट्ट्या द्या."

"तसं होत नाही ना. यंत्र काकांकडून शिकतं तसे काकाही यंत्राकडून शिकतात. कुठे जीभ किती वळवली की काय उमटतं, हे त्यांच्या जिभेत बसलंय. दुसऱ्या आवाजाचा साचा दिला तर जीभ धड इकडची राहणार नाही, धड तिकडची. आमच्याकडे ह्या साच्याची नक्कल आहे, तिच्याकडून आम्ही वज्रशून्य वदवूनही घेऊ शकतो. पण मग त्यात काका नसतील. आणि एकदा साचा मऊ पडला की काकांना परत सम्राट होता यायचं नाही. त्यांनी हे सगळं ऐकून घेतलं, काकू. आणि हो म्हणाले. फक्त महिनाभराचा प्रश्न आहे."

म्हणजे यंत्र चुकत नव्हतं. नवरा निवड करत होता. यंत्राची चूक असती तर त्यांनी यंत्राला शिव्या घालून मन मोकळं केलं असतं. आता रागवायचं कुणावर? चाळीस वर्षं उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला आत जायला मिळत होतं, त्याला मोडता कसा घालायचा? आणि नाही घातला, तर महिनाभर या घरात कोण राहणार, नवरा की सम्राट?

त्यांचं कशात मन लागेना. कुकर लावायचा आणि शिट्ट्या मोजायच्या विसरायचं. फडताळ आवरायला घ्यायचं आणि अर्ध्यात उठायचं. "बस!" आवाज आला की त्या बसायच्या आणि बसल्यावर स्वतःचाच राग यायचा. "खा!" "थांब!" "दिवा!" सगळ्यात वाईट म्हणजे, हुकूम सुटल्यावर जिनदत्तांचा चेहरा पूर्वी ओशाळा व्हायचा, तो आताशा होईनासा झाला होता. ते ताठ बसायला लागले होते. चालताना छाती पुढे काढायला लागले होते. जिभेला यंत्राचं वळण लागलं होतं, आणि आता ते जिभेवरून आत उतरत होतं, असं बाईंना वाटायचं. मुका नवरा बरा होता, असा विचार एकदा मनात आला आणि त्या दचकल्या.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं. दहा दिवस उपास, पूजा, प्रवचनं. ते संपलं की क्षमावाणी. त्या दिवशी जैन माणूस लहान-थोर न पाहता समोर येईल त्याला हात जोडतो आणि म्हणतो, "उत्तम क्षमा." वर्षभरात मनाने, वाणीने, देहाने दुखावलं असेल तर माफ करा. आवटींच्या घरात एक रीत होती. बस्तीत सगळे जमले की नवऱ्याने पहिली क्षमा बायकोची मागायची, मग इतरांची. जिनदत्तांच्या वडिलांनी ती पाडली होती. मुकेपणाच्या चार वर्षांतही जिनदत्तांनी ती मोडली नव्हती. हात जोडायचे, वाकायचे, आणि बाई घाईघाईने "अहो, पुरे" म्हणायच्या.

यंदा बस्तीच्या सभागृहात नेहमीपेक्षा दुप्पट गर्दी होती. वज्रशून्य बोलणार म्हणून लोक जयसिंगपुराहूनसुद्धा आले होते. दुसऱ्याच दिवशी पुण्यात शेवटच्या भागाचं ध्वनिमुद्रण होतं, आणि ती बातमी सगळ्यांना ठाऊक होती. कित्येकांनी फोन वर धरले होते.

जिनदत्त बाईंसमोर आले. हात जोडले. ओठ हलले. बाईंनी स्पष्ट वाचलं. उत्तम क्षमा, रत्ना.

यंत्राला 'क्षमा' हा शब्द सबंध श्रुतिकेत एकाच ठिकाणी भेटला होता.

"सम्राट क्षमा मागत नाही!" सभागृह दणाणलं. "ऐक, पृथ्वी!"

हास्याचा आणि टाळ्यांचा असा काही कल्लोळ उठला की छतावरची कबुतरं उडाली. "वा अण्णा! वा!" कुणीतरी ओरडलं. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याने खास त्यांच्यासाठी ठेवणीतला संवाद काढला. बाई नवऱ्याच्या हाताकडे बघत होत्या. जोडलेले हात सुटले. उजवा हात पेटीपर्यंत गेला. टाळ्या वाढल्या. आणि तो हात पेटीवर न थांबता वर गेला, आणि जिनदत्तांनी सम्राटासारखं लोकांना अभिवादन केलं.

बाई वळल्या आणि गर्दीतून वाट काढत बाहेर पडल्या. रिक्षा करून एकट्या विश्रामबाग भागातल्या आपल्या घरी आल्या. चप्पल काढली, नेसलेली साडी न बदलता त्या स्वयंपाकघरात पाटावर बसल्या आणि त्यांना रडू कोसळलं. छत्तीस वर्षांत, आणि त्यानंतरच्या चार मुक्या वर्षांत, या माणसाने त्यांना चारचौघांत कधी कमी लेखलं नव्हतं. आज चारशे लोकांत लेखलं आणि वर टाळ्या घेतल्या.

थोड्या वेळाने दार वाजलं. जिनदत्त आत आले. त्यांची छाती पुढे नव्हती. ते बाईंसमोर जमिनीवर बसले. गुडघे दुखतात म्हणून ते खाली कधी बसत नसत.

ओठ हलले.

"सम्राट क्षमा मागत नाही!"

टकटक.

"क्षमा दुबळ्यांची!"

टकटक.

"राहू द्या," बाई तोंड फिरवून म्हणाल्या. "उद्या ध्वनिमुद्रण आहे. आवाज मऊ पडेल."

"गप्प!" पेटी म्हणाली. जिनदत्तांनी चटका बसल्यासारखी ती वाजवली. टकटक. पुन्हा ओठ. पुन्हा हुकूम. टकटक. यंत्र एकामागून एक अंदाज देत होतं आणि ते एकामागून एक खोडत होते. कपाळावर घाम आला. जीभ इतके दिवस एका वळणाने चालली होती, ती ओढून दुसरीकडे आणायची म्हणजे हाताने लिहिणाऱ्याने पायाने लिहावं तसं होतं. बाईंनी आधी कान झाकून घेतले. मग कधीतरी हात खाली आले. आवाज बदलत होता. चांगला होत होता असं नव्हे. त्याचा कणा मोडत होता. शब्दांच्या मध्येच तो फाटायचा, घसरायचा, कधी बारीक व्हायचा. तो वज्रशून्याचा राहिला नव्हता आणि लग्नातल्या जिनदत्तांचाही झाला नव्हता.

बाईंचा फोन वाजला. शर्वरी होती. पट्टीवर जे काही चालतं ते तिला पुण्यात पडद्यावर दिसायचं.

"काकू, काका काय करतायत? थांबवा त्यांना! साचा मोडतोय सगळा! उद्या काही करता येणार नाही. मला नक्कल लावावी लागेल. विचारा त्यांना, येणार आहेत की नाही? तुम्हीच सांगा काय ते!"

बाईंनी तोंड उघडलं. 'ह्यांना म्हणायचंय, की...' हे शब्द सवयीने जिभेवर आलेच होते. येतील ते उद्या, असं म्हटलं असतं तर गाडी अजून रुळावर येण्यासारखी होती. नाही येणार, असं म्हटलं असतं तर नवरा कायमचा घरचा झाला असता. दोन्ही उत्तरं त्यांना देता आली असती आणि दोन्ही त्यांचीच असती.

त्यांनी फोन जिनदत्तांच्या गळ्यातल्या पेटीसमोर धरला.

जिनदत्तांनी फोनकडे पाहिलं. डोळे भरून आले होते. चाळीस वर्षं वाट पाहिलेला प्रवेश होता तो, आणि तो सोडताना माणसाला काही होत नाही असं कोण म्हणेल?

"बाळ," पेटीतून फाटका आवाज आला, "वज्रशून्य... तुमच्याकडेच ठेवा. चांगलं करून घ्या त्याच्याकडून. मी... येत नाही."

पलीकडे शर्वरी हळूच "बरं, काका" म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

आता जिनदत्तांनी हात जोडले. ओठ सावकाश हलले, आणि यंत्राने अंदाज बांधायला पहिल्यांदाच वेळ घेतला.

"उत्तम क्षमा, रत्ना." आवाज शेवटाला वर चढला, डगमगला. "देशील?"

नुसत्या हुकमांवर वाढलेल्या त्या यंत्राचा हा पहिला प्रश्न होता. रत्नमालाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्यांनीही हात जोडले.

"दिली. पण मलाही मागायचीय," त्या म्हणाल्या. सांगू की नको असं त्यांचं झालं होतं, पण दिवसच तसा होता. "चार वर्षं तुमच्या नावावर मी माझंच बोलत होते. सन्मतीशी, लोकांशी, सगळ्यांशी. तुमच्या मनात एक असायचं आणि मी दुसरंच सांगायचे. आणि मला ते आवडत होतं हो."

जिनदत्तांचे ओठ हलले. बाईंनी ते वाचले नाहीत. त्या आवाजाची वाट बघत राहिल्या.

"ठाऊक होतं मला," तो फाटका आवाज म्हणाला. "म्हणून तर तुझं कधी खोडलं नाही."